स्टेशन ते कोर्ट नाका : रस्ता खोदणाऱ्यांना खुले पत्र

ठाणे शहरातल्या रस्त्यांचा कारभार ज्यांच्या हाती आहे, ते अधिकारी, अभियंते आणि लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून जांभळी नाका, तलावपाळी, टेंभी नाका करीत कोर्ट नाक्याला पोचणारा रस्ता आपण पुन्हा खोदायला घेतला आहे. कागदोपत्री त्याच्या तुकड्यांना वेगवेगळी नावे आहेत, आमच्या लेखी तो एकच रस्ता. खोदकामाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाण्याची लाइन फुटली की आमच्याही नळाला गढूळ पाणी येते आणि गटार तुंबले की पहिल्याच पावसात बाजारपेठेत घोटाभर पाणी साचते. कामे झालीच पाहिजेत. पण ती ज्या तऱ्हेने होतात ते पाहून आता गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. आपल्याला लिहिले आहे, पण ते चार ठाणेकरांनीही वाचावे म्हणून उघडे ठेवले आहे.

मी पोस्टमन होतो. नोकरीतली बहुतेक वर्षे या रस्त्याची आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांची बीट माझ्याकडे होती. सकाळी सॉर्टिंग आटोपले की थैली सायकलच्या हँडलला अडकवून निघायचे, ते दुपारी मनिऑर्डरींचा हिशेब द्यायलाच परत. पत्त्यात पिनकोड नसला तरी चालून जाई, खूण असली म्हणजे झाले. ‘कोपिनेश्वराच्या मागे’, ‘अग्यारीसमोर’, ‘अशोक टॉकीजच्या बाजूची चाळ’, ‘जेलच्या भिंतीलगत’. एवढ्यावर रजिस्टर पत्रे बिनचूक हातात पडत. त्यामुळे या इमारतींकडे मी कधी पर्यटकाच्या नजरेने पाहिले नाही. ती माझ्या कामाची हत्यारे होती. ती एकेक करून बोथट होताना दिसतात तेव्हा राग येतो, एवढाच माझा या प्रकरणात संबंध.

आता तक्रारी.

परवा टेंभी नाक्याच्या पुढे चर खणत होते. जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर दोन-तीन काळे दगड वर आले. त्यातला एक जवळ जाऊन पाहिला. तीन बाजूंनी तासलेला, चौथी बाजू ओबडधोबड, आणि एका कडेला चिकटलेला जुन्या चुन्याचा जाड थर. त्यात शिंपल्यांचे पांढरे कपचे स्पष्ट दिसत होते. सिमेंटचा तिथे मागमूस नव्हता. मी मुकादमाला म्हटले, “अहो, हा एक बाजूला ठेवा, कुणा जाणत्याला दाखवू.” माणूस भला होता. म्हणाला, “काका, हे सगळं डेब्रिज. डंपर खोळंबलाय.” संध्याकाळपर्यंत चर बुजला आणि दगड कुठल्या तरी भरावात गेले. एखाद्या वाड्याचा पाया असेल, जुन्या मोरीची कड असेल, आणखी काही असेल. ते ठरवू शकेल असा एकही माणूस त्या चरापाशी उभा नव्हता, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

ठाण्यात जमीन खणली की काहीतरी हाती लागते, याला पुरावा आहे. 1787 साली तेव्हाच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या जेलच्या जागी, नव्या बांधकामासाठी खणत असताना एक ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरी याचे ते दानपत्र, शके 939 चे, म्हणजे इसवी सन 1017 चे. ठाणे तेव्हा श्रीस्थानक होते, उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राज्यातले मोठे ठिकाण. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने त्या ताम्रपटाचे वाचन छापले. आज शाळेच्या पुस्तकात आपण शिलाहारांविषयी दोन ओळी वाचतो, त्यामागे असे जमिनीतून निघालेले तांब्याचे पत्रे आहेत. तेव्हा अंमल कंपनी सरकारचा. खणणाऱ्यांपैकी कोणीतरी कुदळ थांबवली, कोणीतरी ते पत्रे वर नेऊन दिले, आणि वरच्या माणसाने ते तांबटाला न विकता पंडिताकडे वाचायला धाडले. एवढ्या तीन माणसांचे काम आपल्या टेंडरमध्ये कुठे बसवले आहे का?

कायद्याची अडचण म्हणाल, तर उलट कायदा या बाजूने आहे. भारतीय निखात निधी अधिनियम 1878 सालचा आहे आणि अजूनही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. तासलेल्या दगडाची किंमत दहा रुपये भरते का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालायला दगड तरी जागेवर हवा. आणि जिल्हाधिकारी कचेरी कुठे लांब नाही, याच रस्त्याच्या टोकाला आहे. पोस्टाचे तिकीटसुद्धा लावावे लागणार नाही.

दुसरी तक्रार रस्त्याच्या उंचीची. ही कुणी बोलत नाही, कारण ती हळूहळू होते. डांबराचा जुना थर न खरवडता त्यावर नवा, त्यावर खडी, मग कधीतरी काँक्रीट, कडेला पेव्हर ब्लॉक. मी ज्या घरांत पत्रे टाकत असे, त्यांतल्या काही घरांना रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून ओट्यावर जावे लागे. आज त्याच घरात शिरताना एक पायरी उतरावी लागते. घर खचलेले नाही, रस्ता चढला आहे. पावसाळ्यात पाणी उंबरा ओलांडून आत येते. माजघराच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढते, सागवानी खांबाचा बुंधा खालून कुजतो. मग ऑडिट होते, ‘सी-1, अतिधोकादायक’ असा शेरा पडतो, नोटीस दारावर लागते आणि काही वर्षांनी तिथे टॉवरची पाटी. त्या घरात राहणारे लोक जुन्या घराला कंटाळले म्हणून गेले, असे आपण म्हणतो. थोडे डांबराचेही श्रेय मानायला हरकत नाही.

तिसरी तक्रार लिहायला जरा जागा लागेल. या रस्त्यावर काय काय आहे ते रस्त्यावर कुठेच धड वाचायला मिळत नाही. वाढदिवसाचे फलक, अभिनंदनाचे फलक, क्लासचे फलक, फ्लॅटच्या स्कीमचे फलक मात्र दर दहा पावलांवर आहेत.

स्टेशनपासूनच सुरुवात करतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी 34 किलोमीटर धावून या ठिकाणी थांबली. 14 डबे होते, 400 पाहुणे होते, आणि इथे तंबू ठोकून त्या मंडळींच्या खाण्यापिण्याची चंगळ केली होती. स्टेशनासमोरच्या सॅटिस पुलाखालून, रिक्षांच्या रांगेतून वाट काढत बाहेर पडणाऱ्या माणसाला हे कळावे अशी सोय रस्त्यावर हवी. लाखो माणसे रोज तिथून जातात. त्यांच्यातल्या एखाद्याने जरी मान वर करून वाचले तरी पुष्कळ झाले.

तिथून आत आले की मराठी ग्रंथ संग्रहालय. 1893 मध्ये विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते सुरू केले. हे भावे म्हणजे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे मोठे काम करणारे. आपल्या भाषेतले ग्रंथ एका छताखाली जमवायचे, ही कल्पना तेव्हा नवी होती आणि ती ठाण्याला सुचली. दिवाळी अंकांच्या दिवसांत तिथे माझी थैली पुरत नसे, गोणी न्यावी लागे. जाताना डाक टाकायची आणि येताना पुस्तक बदलून घ्यायचे, असा माझा शिरस्ता होता. शाळा नववीत सुटली, उरलेली इथे झाली. आज या गर्दीतून जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांना विचारा, इमारत कुठली ते सांगता येईल, पण 1893 ऐकून त्यांचे डोळे विस्फारतात.

पुढे जांभळी नाका आणि कोपिनेश्वर. मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी 1760 साली या देवळाचा जीर्णोद्धार केला. आतली पिंड एवढी थोरली की पहिल्यांदा आलेला माणूस क्षणभर थबकतो. देवळासमोर मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी. तिच्याच काठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, ज्याची मुळे पोर्तुगीज अमलात जातात, आणि काठालाच 1978 पासून गडकरी रंगायतन. महाशिवरात्रीची रांग, नाताळचा तारा आणि नाटकाची तिसरी घंटा हे सारे एका तळ्याभोवती. याचे मला लहानपणी काही विशेष वाटले नाही. विशेष आहे हे दुसऱ्या शहरांत फिरल्यावर कळले.

पण खरी दाटी टेंभी नाक्याला. लोकांना तो नवरात्रातल्या देवीसाठी आणि दहीहंडीसाठी ठाऊक आहे, आणि ते योग्यच. त्याच नाक्यावर पारशांची अग्यारी आहे, कावसजी पटेलांनी 1780 मध्ये बांधलेली. पुढे सिव्हिल हॉस्पिटलसमोर बेने इस्रायलींचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंचे, प्रार्थनास्थळ, सिनेगॉग ‘शआर हाशामाइम’, 1879 सालचे. त्या समाजातली बरीच घरे इस्रायलला गेली, त्यांची पत्रे माझ्या थैलीतून येत. पाकिटावर हिब्रू शिक्के आणि आत चांगले घोटीव मराठी. मागे राहिलेल्या एक आजीबाई चष्मा सापडत नाही म्हणून मलाच वाचून दाखवायला सांगत. पत्रात एकदा विचारले होते, ‘टेंभीवरचा भय्या अजून कुल्फी विकतो का?’ आजीबाईंनी उत्तर सांगितले, मी कार्डावर लिहून दिले. विकत होता.

तिथून जवळच सेंट जेम्स चर्च. कलकत्त्याचे बिशप हेबर यांच्या हस्ते 1825 मध्ये त्याचे समर्पण झाले. हे हेबरसाहेब मला आवडतात, ते वेगळ्या कारणासाठी. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत होता आणि 1816 च्या सप्टेंबरात तो तिथून निसटला. पहारा गोऱ्यांचा, त्यांना मराठी येत नव्हते. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणे म्हणायचा, आणि निरोप गाण्यातच असे. ही हकिकत हेबर यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली. एका दगडी भिंतीमागचा प्रसंग, आणि तो टिपणारा माणूस हाकेच्या अंतरावरच्या चर्चमध्ये येऊन गेलेला. हे पोरांना सांगा, इतिहासाचा तास कंटाळवाणा होतो का बघा.

तो किल्ला पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि मग तुरुंग झाला. 2 मे 1848 रोजी इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना इथे फाशी दिले. 19 एप्रिल 1910 रोजी, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. त्या भिंतीलगत आज दुचाकी लावतात. मीही सायकल लावत असे, म्हणून दुचाकीवाल्यांवर माझा रोष नाही. पण भिंतीकडे पाठ करून गाडीची किल्ली शोधणाऱ्या माणसाला ही चार नावे समोर दिसायला हवीत. उन्हापावसात टिकतील अशा अक्षरांत, जवळ जाऊन वाचता येतील अशा उंचीवर.

हल्ली फलकाऐवजी क्यूआर कोड लावायची पद्धत आली आहे. असू दे. पण तो चौकोन आणि खाली काहीच मजकूर नाही, असे नको. माझ्या वयाच्या माणसाने चष्मा काढावा, फोन काढावा, नेट चालू करावे, आणि मागून येणाऱ्या रिक्षाने तेवढ्यात हॉर्न द्यावा, यात इतिहास राहतो बाजूला.

चौथी तक्रार सुशोभीकरणाची आणि ती चार ओळींची आहे. विजेच्या खांबांना गुंडाळलेल्या रंगीत माळा, फायबरचे पुतळे, भिंतींवरची फुलपाखरे हे कुठल्याही शहरात चालते. अस्सल दगडाच्या शेजारी फायबरचा दगड उभा करू नका, एवढेच म्हणणे.

सिव्हिलबद्दल एक वेगळा शब्द. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे ते जुने जिल्हा रुग्णालय पाडून तिथे मोठे रुग्णालय उभे राहते आहे. ते हवेच होते. जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांपासून भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांपर्यंत ज्यांना खासगीत परवडत नाही, त्यांचा तोच आधार, त्यामुळे जुन्या भिंतींसाठी मी तिथे गळा काढणार नाही. पण पाडण्याआधी एखाद्या इमारतीची मोजमापे, फोटो, दारे-खिडक्यांची नोंद करून ठेवायला फारसा खर्च येत नाही आणि कामही अडत नाही. ही सवय आपल्या सगळ्याच पाडकामांना लागली पाहिजे. सिव्हिल सरकारी म्हणून चर्चा तरी झाली, गल्लीतल्या वाड्यांची कोण करतो?

राहिली शेवटची तक्रार, चालण्याची. एवढे सगळे ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता पायी पाहायचा म्हटले तर जमत नाही. पदपथ मध्येच सुरू होतो, ट्रान्सफॉर्मरपाशी संपतो, पुन्हा गुडघाभर उंचीवर उगवतो. इथे लगेच कोणीतरी फेरीवाल्यांकडे बोट दाखवील, म्हणून स्पष्ट लिहितो. जांभळी नाक्याचा बाजार, दसऱ्याला झेंडूच्या ढिगांनी पिवळा होणारा तो कोपरा, हासुद्धा या रस्त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. भाजीवाल्या मावशींना हुसकावून तिथे शोभेच्या कुंड्या मांडल्या तर माझे पत्र वाया गेले असे समजेन. त्यांना आखीव जागा द्या आणि चालणाऱ्याला त्याची द्या. दोन्ही मावतील, जर रस्त्याकडेला दिवस-दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्या हलवल्या तर. त्या मात्र कुणाला दिसत नाहीत.

आता मागण्या. त्या मुद्दाम अशा लिहितो की ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता यावे.

स्टेशन ते कोर्ट नाका या पट्ट्यात आणि जेलच्या आसपास पुढचा कोणताही चर खणण्याआधी इतिहास किंवा पुरातत्त्व जाणणारी एक व्यक्ती तिथे हजर ठेवावी. ठाण्यात महाविद्यालये आहेत, त्यांत इतिहासाचे प्राध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत. राज्याचा पुरातत्त्व विभाग आहे. बोलावले तर येतील. काही सापडल्यास तेवढ्या भागाचे काम थांबवणे, फोटो काढणे आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे ही अट ठेकेदाराच्या करारात लेखी असावी, आणि थांबलेल्या दिवसांचा दंड त्याच्यावर लागू नये. नाहीतर तो थांबणारच नाही, आणि त्याचे चुकलेही म्हणता येणार नाही.

रस्त्याचा नवा थर घालताना जुना खरवडून काढावा आणि काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या जुन्या घरांची जोती किती उंचीवर आहेत याची नोंद घ्यावी. काम संपल्यावर पुन्हा मोजावे. फरक पडला तर बिल अडवावे.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या यादीची, श्रेणींची आणि समितीची तरतूद आहे. या रस्त्यावरच्या कोणत्या वास्तू त्या यादीत आहेत आणि कोणत्या नाहीत, हे मराठीत छापून प्रभाग कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावे. ज्या नाहीत त्यांच्याबद्दल नागरिकांकडून सूचना मागवाव्यात.

वर ज्या स्थळांचा उल्लेख केला त्या प्रत्येकाजवळ, तिथल्या विश्वस्तांच्या संमतीने, दगडी किंवा मुलामा दिलेली पाटी लावावी. साल, करणाऱ्याचे नाव आणि दोन-तीन वाक्ये पुरेत. मजकूर जाणकारांकडून तपासून घ्यावा. पाटीवर उद्घाटकांची नावे इमारतीच्या नावापेक्षा मोठी नसावीत, आणि पाटी झाकणारा फलक त्याच दिवशी उतरवावा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

पाडायला परवानगी दिलेल्या प्रत्येक जुन्या घराची मोजमापे आणि छायाचित्रे आधी घ्यावीत आणि त्यांची एक प्रत मराठी ग्रंथ संग्रहालयाला द्यावी. तिथे ती सांभाळली जाईल, याची मला खात्री आहे.

आणि स्टेशनपासून कोर्ट नाक्यापर्यंत निदान एका बाजूने सलग, एकाच उंचीचा पदपथ, ज्यावरून काठी टेकणारा माणूस आणि बाबागाडी ढकलणारी आई रस्त्यावर न उतरता जाऊ शकेल.

या मागण्यांतली कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, हे लेखी कळवावे. भेटीची वेळ दिलीत तर मी येईन, सोबत या रस्त्यावरचे चार-पाच जुने रहिवासी, दोन दुकानदार आणि इतिहास शिकवणारे एक निवृत्त शिक्षक असतील. फार वेळ घेणार नाही. मात्र चर्चा होईपर्यंत टेंभी नाका ते जेल या टप्प्यातले पुढचे खोदकाम तेवढे थांबवून ठेवावे, ही विनंती. बाकीच्या टप्प्यांत पाण्याच्या लाइनचे काम चालू राहू द्या, उन्हाळा तोंडावर आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन
खारकर आळी, ठाणे (प.)